चिंधीचं वांगं

ज्या बांधावरून मी परकर खोचून धावले, त्या बांधावर आता लोखंडी गेट आहे. गेटवर एका मुलीने माझ्या गळ्यात गुलाबी उपरणं घातलं, कपाळाला गंध लावलं आणि पाठ केलेल्या आवाजात म्हणाली, "खान्देशात आपलं स्वागत आहे." तिचा काही दोष नाही. ती बिचारी चोपड्याच्या कॉलेजातली पोर, रविवारी चार पैसे मिळवायला उभी राहिलेली. पण त्या उपरण्याचा कोऱ्या खळीचा वास नाकात गेला आणि तिथेच माझं डोकं फिरलं. ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

हे शेत माझ्या काकांचं. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमचं घर एकत्र होतं, त्यामुळे दहावी होऊन धुळ्याला जाईपर्यंत माझं सगळं बालपण याच मातीत गेलं. काका जाऊन बरीच वर्षं झाली. आता शेत त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ दिनू बघतो आणि अलीकडे त्याने तिथे कृषी पर्यटन केंद्र काढलंय. केंद्राला त्याने जे नाव दिलंय ते मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरात इतकं गोड कोणी बोलत नव्हतं.

मी तिथे पर्यटनाला गेले नव्हते. मला अक्काने बोलावलं होतं. अक्का म्हणजे माझी काकू, दिनूची आई. सगळा गाव तिला अक्काच म्हणतो. तिचं माहेर असोद्याचं, आणि असोद्याची वांगी म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. लग्न होऊन आली तेव्हा लुगड्याच्या गाठीला तिने माहेरच्या भरताच्या वांग्याचं बी बांधून आणलं होतं. तेव्हापासून एकही साल न चुकता तिने ते लावलं, त्याचं बी धरलं, पुन्हा लावलं. फिक्कं हिरवं, अंगावर पांढऱ्या रेघा, हातात घेतलं तर तान्ह्या पोरासारखं जड. अख्ख्या शिवारात त्याला अक्काचं वांगं म्हणत.

डिसेंबरात तिचा फोन आला. "आते मन्हा गुडघा चालतस नई. पुढला सालनं बी तू ली जाय," म्हणाली. तिची सून भली आहे, पण तिचा जीव शिवणाच्या मशिनीत. ज्याला हौस आहे त्याच्याकडे बी जावं, असं अक्काने ठरवलं होतं. माझ्या धुळ्याच्या घरामागे आता कुठे चार वाफ्यांची जागा झाली आहे. फोन ठेवल्यावर मी जुन्या सुती साडीची पिशवी शिवली, कारण बियाण्याचं वांगं प्लास्टिकमध्ये घालायचं नसतं. जानेवारीतल्या एका रविवारी पहाटेच्या एसटीने निघाले. अमळनेर मागे टाकलं, तापी ओलांडली, चोपडा आलं, आणि खिडकीतून डोंगराची निळी रेघ दिसायला लागली तसं माझं मन आनंदाने भरून आलं. त्या आनंदाचा मला आता राग येतो.

गेटच्या आत केळीची बाग होती तिथे केळीच आहे, पण मधल्या पाटात लाकडी कमान करून तिच्यावर रंगीत छत्र्या टांगल्या आहेत. बैलगाडीला मोटारीची चाकं आणि गाद्या. विहिरीवर मोट आहे. ती मोट बैल ओढत नाहीत, बटण दाबलं की वर येते, पाणी ओतते, परत जाते, आणि माणसं तिच्यासमोर उभी राहून फोटो काढतात. पलीकडे मांडवात डोंगरातली पावरा आदिवासी मंडळी ढोल वाजवत होती. हा ढोल आम्ही होळीच्या दिवसांत ऐकायचो, वाऱ्यावर डोंगराकडून यायचा, आणि तो कानावर आला की आई म्हणायची, थंडी गेली. आता जानेवारीच्या थंडीत, जेवणाआधी, दर रविवारी वाजतो. वाजवणारे खाली बघत वाजवत होते.

आमच्या वेळी थंडीच्या दिवसांत शेताला वेगळा वास असायचा. सकाळी दवात भिजलेल्या हरभऱ्याचा आंबट वास, त्यावर हात फिरवून चाटायचा. घरात ओसरीपासून माळवदापर्यंत कापूस भरलेला, त्यात उड्या मारल्या की नाकात बारीक तूस जायचं आणि काका ओरडायचे. दुपारी पाट सुटला की ओल्या मातीतून एक थंड वाफ पायांना लागायची. कपाशी वेचून झाली की तिच्या वाळक्या काड्या उपटून बांधावर रचत, आणि त्या ढिगाकडे बघून आम्हा पोरांना कळायचं की आता भरताचा दिवस लांब नाही.

पावसाळ्याचे चार महिने आमच्या घरात वांगं शिजत नसे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की मग वांगं खायला मोकळीक. त्या दिवशी शेतात काड्यांचा जाळ करायचे. काड्या भुर्रकन पेटायच्या, तडतडायच्या, आणि अक्का तेल चोळलेली वांगी त्यांच्यावर ओळीने मांडायची. वांग्याची साल करपताना जो वास सुटायचा तो पलीकडच्या शेतापर्यंत जायचा आणि तिकडून कोणी ना कोणी यायचंच. बोलावणं नसायचं. साल काढायचं काम आमचं. बोटं भाजायची, फुंकर मारायची, पुन्हा हात घालायचा. मग सगळा गर बडगीत जायचा. बडगी म्हणजे लाकडाची मोठी खोलगट परात. अक्का आणि माझी आई समोरासमोर बसून लाकडी मुसळीने तो ठेचायच्या. एकीची मुसळी खाली आली की दुसरीची वर, आणि त्या ठेक्यात घरातल्या सगळ्या गोष्टी बोलून व्हायच्या. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. केळीच्या पानावर भरीत, बाजूला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. काका खाऊन झाल्यावर त्याच पानाने हात पुसायचे आणि ते पान बैलाला घालायचे.

पण खरी गोष्ट त्याच्या नंतर घडायची. दुसऱ्या तोड्याच्या वेळी अक्का भल्या सकाळी एकटी वाफ्यात शिरायची. कोणाशी बोलायची नाही. झाड न झाड बघायची, फळाखाली हात धरून तोलायची, कीड नाही ना, बुडाला डाग नाही ना हे पाहायची. मग मोजक्या फळांच्या देठाला चिंधी बांधायची. चिंधी बांधली की ते वांगं बियाण्याचं. ते तोडायचं नाही, खायचं नाही, त्याच्यावर पाय टाकून जायचं नाही. काकांच्या धोतराची चिंधी, माझ्या फाटक्या परकराची, दिनूच्या कुंचीची. आमचं अख्खं घर त्या वाफ्यात टांगलेलं असायचं.

हा नियम कोणी कोणाला शिकवला नव्हता, सगळ्यांना तो येतच होता. तोडायला येणाऱ्या बायांना माहीत, डोंगरातून शेळ्या घेऊन येणाऱ्यांना माहीत. एका वर्षी चोरांनी रातोरात सगळा वाफा झोडपला, हिरवं एक फळ ठेवलं नाही. सकाळी आम्ही जाऊन पाहतो तर चिंधीची वांगी जशीच्या तशी. काकांनी चोरांना शिव्या घालता घालता मध्येच थांबून म्हटलं होतं, माणसं आपल्यातलीच दिसतात.

ती फळं झाडावरच पिवळी व्हायची, मग तांबूस. मग उतरवून घरात आढ्याला टांगायची. उन्हाळ्यात अक्का ती चिरायची, तांब्याच्या घंगाळात बी धुवायची, तरंगलेलं ओतून द्यायची, बुडालेलं चुलीच्या राखेत घोळवून वाळवायची. त्या ओल्या राखेचा वास अजूनही मला कुठे आला की मी थांबते. आणि मग यायची आखाजी, आमची अक्षय तृतीया. सासरी गेलेल्या लेकी आखाजीला माहेरी यायच्या, निंबाला झोके बांधायच्या, गाणी म्हणायच्या, घरात आमरस आणि पुरणाचे मांडे. निघायच्या दिवशी अक्का सूप घेऊन ओसरीवर बसायची आणि प्रत्येकीच्या पदराला चिमूटभर बी बांधायची. उरलेलं बी रोपाला. घरात दाणाही शिल्लक ठेवायचा नाही, असा तिचा दंडक होता. ठेवलेलं बी रुसतं, असं तिचं म्हणणं. तो दंडक तिने अजूनही सोडलेला नाही. म्हणजे दर वर्षी त्या घरातलं सगळं बी फक्त झाडावरच्या चिंध्यांना लटकलेलं असतं.

म्हणून मी आधी वाफ्याकडे गेले. अक्काला भेटायच्याही आधी. वाटलं, ती दिसेल तिथेच. वाफा सापडला, त्याच्या तोंडाशी नवी पाटी होती: असल खान्देशी वांगी, तोडा, भाजा, खा. झाडं तीच, ती रेघांची वांगीही होती, थोडी. एकाही देठाला चिंधी नव्हती. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वाकून पाहिलं, मग परत आले. मला वाटलं यंदा बियाण्याचा वाफा वेगळा केला असेल.

सुमनबाई पाण्याची नळी ओढत होती. ती या शेतात माझ्या लहानपणापासून आहे. मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. विचारलं तर म्हणाली, "भाऊनी सांगं, चिंध्या फोटोमा वंगाळ दिसतस, काढी टाका." भाऊ म्हणजे दिनू. आदल्या दिवशी कोणी फोटो काढणारा आला होता म्हणे, केंद्राच्या जाहिरातीसाठी. त्याला वाफा स्वच्छ हवा होता. सुमनबाईने सांगून पाहिलं, दिनू म्हणाला, फोटो झाले की परत बांधू. आणि परत बांधायचं राहून गेलं. आज सकाळची पहिली बस दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतून आलेली, तिच्या मागोमाग ठाण्याची मंडळी. हिरव्यांत ती पिवळी वांगी त्यांना फार आवडली. सोनेरी वांगी, सोनेरी वांगी करत त्यांनी वेचून वेचून तीच तोडली.

चिंध्या कुठे आहेत, असं मी विचारलं. कचऱ्यात, असं ती म्हणाली.

मी जाळाकडे जवळजवळ पळत गेले. या वयात, त्या उंचसखल बांधावरून, गळ्यात ते गुलाबी उपरणं. जाळाभोवती दोरी बांधली होती, दोरीच्या अलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्या, पलीकडे काड्यांचा धूर. आणि मधे बडगीपाशी अक्का. तिला हिरव्यागार काठाचं लुगडं नेसवलं होतं, जे तिचं नव्हतं. नाकात चापाची मोठी नथ. आमच्या घरात नथ लग्नालाच निघायची, भरीत ठेचताना कोणी घालत नसे. आणि लुगड्याला मानेपाशी चिमट्याने माईक लावला होता. ती वांगी सोलत होती, दिनू दुसऱ्या माईकवर सांगत होता की ही आमची परंपरा, ही आमची संस्कृती, आणि हे सगळं आमच्या मातोश्रींच्या हातचं.

हिरव्या वांग्याची भाजलेली साल बोटाने ओढली की निघते. पिवळ्याची निघत नाही, ती जाड होऊन चिकटते. अक्काने एक वांगं उचललं, साल ओढली आणि तिचा हात थांबला. सगळं काळं झालेलं, रंगावरून कळायला मार्ग नव्हता. तिने ते फोडलं. आतला गर कमी, बी जास्त, मोठं, पक्व, तपकिरी. तिने ते चिमटीत घेऊन चोळलं. मग दुसरं फोडलं. मग टोपलीतलं तिसरं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"चिंध्या कोणी सोड्यात?" ती म्हणाली.

ती हळूच म्हणाली होती, पण तो माईक तिच्या मानेपाशी होता. झाडांवर टांगलेल्या कर्ण्यांतून ते सगळ्या शेतभर ऐकू गेलं. आणि लोक हसले. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. एक मुलगा तर टाळ्या वाजवून म्हणाला, आजी, पुन्हा म्हणा ना. आयुष्यात मला कोणाचा इतका राग आला नसेल. त्या मुलाचा नाही, त्याला काय माहीत. दिनूचा आला, त्या फोटोवाल्याचा आला, छत्र्यांचा, नथीचा, मोटेच्या बटणाचा आला. ज्या घरात चोर थांबले त्या घरातल्या पोराला थांबता आलं नाही, याचा आला.

दिनू लगबगीने आला, आईचा माईक हाताने झाकला आणि मला बाजूला घेऊन गेला. तो वाईट माणूस नाही, हे इथे लिहिलं पाहिजे, आणि त्यानेच माझा राग वाढतो. वाईट असता तर सोपं होतं. तो म्हणाला, ताई, तुला काय माहीत, केळीवर करपा पडतो, वादळ आलं की एका रात्रीत बाग आडवी होते, भाव व्यापारी ठरवतो. हे केंद्र निघालं म्हणून गावातली चार पोरं सुरतेला जायची थांबली. सगळं खरं होतं. मग त्याने जे म्हटलं ते त्याने म्हणायला नको होतं.

"आणि बी काय गं ताई, चोपड्याला दुकानात पाकीट मिळतं. भरताचंच."

मी त्याला म्हटलं, मग या लोकांनाही गेटवर पाकीटच दे. आईला कशाला बसवलंस? पाकिटाला नथ घाल. तुझ्या पाटीवर असल लिहिलंयस ना, तर त्यातलं जे एक असल होतं ते आज तू काड्यांवर टाकलंस. तुझी कुंची फाडून तुझ्या आईने त्या देठांना बांधली होती रे, तेव्हा तू चालतही नव्हतास. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, मी पाहिलं नाही. मला पाहायचं नव्हतं.

तोवर अक्काने तिसरंही वांगं बडगीत टाकलं होतं. तिने दिनूला जवळ बोलावलं. मला वाटलं आता तरी ती चिडेल. ती म्हणाली, "भुंजाई गयं, दिनू. हाई बी आते उगाव नई." भाजलेलं बी उगवत नाही, एवढंच. मग मुसळी उचलली आणि ठेचायला लागली. समोर कोणी नव्हतं, तिची एकटीचीच मुसळी वर-खाली होत होती, तो जुना ठेका त्यात नव्हता. ठेचून झालं, फोडणी पडली, पानं मांडली गेली. पहिलं पान तिने स्वतः वाढलं आणि पाहुण्यांकडे बघून, माईकमधूनच, म्हणाली, "खा बापा, बठ्ठं खा. हाई शेवटलं शे."

बठ्ठं म्हणजे सगळं. लोकांना वाटलं, टोपातलं शेवटचं. ते म्हणाले, अहो, आधी तुम्ही घ्या. भरीत चांगलं झालंय असं सगळ्यांनी सांगितलं. एक गृहस्थ मात्र म्हणाले की बिया फार आहेत, दातात अडकतात. मी जेवले नाही.

निंबाखाली बसून मी सख्ख्या-चुलत बहिणींना फोन लावले. जिला जिला आखाजीला बी बांधून दिलं होतं तिला तिला. थोरलीच्या सासरची जमीन जळगावच्या नव्या प्लॉटांत गेली. मधली म्हणाली, आम्ही केव्हापासून पाकिटाचंच लावतो, ते वजनाला बरं. धाकटी सुरतेला चौथ्या मजल्यावर, तिने गॅलरीत तुळस ठेवली आहे. मग असोद्याला अक्काच्या भावाच्या घरी लावला. तिकडे भाचा म्हणाला, आत्याकडे असेल ना ते बी, आम्हीच यंदा मागणार होतो. इतक्या पदरांना इतकी वर्षं गाठी बांधल्या आणि एकही गाठ शिल्लक नव्हती. जिथे झोके बांधायचे त्या फांदीवर दिनूने टायर टांगलाय, त्यात दोन पोरं झोके घेत होती, आणि मला त्या पोरांचाही राग येत होता.

अक्का आली ती नथ काढून. नथ तिने खुर्चीवर ठेवली, माईकचा चिमटा तिच्या शेजारी. माझ्या खांद्यावर हात टाकला आणि वाफ्याकडे चल म्हणाली. गुडघे साथ देत नव्हते, दर दोन पावलांना थांबत होती. मागून कोणीतरी दुसऱ्या तुकडीची वेळ झाल्याचं सांगायला आलं, तिने वळूनही पाहिलं नाही.

वाफ्याच्या अगदी शेवटी, पाट फुटून चिखल होतो त्या कोपऱ्यात, बुटांची माणसं गेली नव्हती. अक्का चिखलात शिरली. मोठी फळं तिथेही नव्हती. पण पानांखाली हात घालून ती चाचपत राहिली आणि मग मला म्हणाली, वाक. खाली अंगठ्याएवढी, नुकतीच धरलेली फळं होती, थोडीच. फूल अजून बुडाला चिकटलेलं. उतरतीच्या फळाचं बी ती कधी धरत नसे, ते कमी जोमाचं असतं. आज तिने ती एकेक करून तोलली, जणू तोलण्यासारखी होती. होळीनंतरपर्यंत टिकली, ऊन सोसलं, कोणी हात लावला नाही, तर होतील. इतक्या जर-तरवर ते वांगं उभं होतं. तिने माझ्याकडे हात पसरला आणि चिंधी मागितली.

माझ्याकडे चिंधी नव्हती. तिचं लुगडं भाड्याचं. मग मला गळ्यातलं ते उपरणं आठवलं. मी ते काढलं, दातांनी कड तोडली आणि फाडलं. सर्रकन फाटलं ते. दिवसभरात तो एकच आवाज मला बरा वाटला. मी फाडत गेले, अक्का बांधत गेली. देठाला काच बसू नये अशी सैल गाठ, तीच जुनी. गेटवर स्वागताला दिलेल्या त्या गुलाबी चिंध्या हिरव्या पानांत चांगल्या ठसठशीत दिसत होत्या.

दिनू बांधावर येऊन उभा राहिला होता. म्हणाला, उद्या शाळेची सहल आहे, मी इथे दोरी बांधतो. इतक्यात एक तरुण मोबाइल घेऊन चिखलात उतरलाच. मी सांगितलं, ही बियाण्याची आहेत, हात लावू नका. तो हो हो म्हणाला आणि फोटो नीट यावा म्हणून त्याने फांदी धरून वाकवली. त्याच्यामागून आलेल्या दोघींनाही मी तेच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि एकीने पान बाजूला करून आत बोट घातलं. बी म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

मग ठाण्याच्या तुकडीतल्या एक बाई आल्या. चिंध्या पाहून त्यांचा आवाज आपोआप खाली आला. त्यांनी विचारलं, "नवसाचं आहे का हे?"

माझ्या तोंडावर आलं होतं की नाही हो, साधं वांगं आहे, वर्षभराच्या कष्टाचं आहे, एका बाईच्या अख्ख्या आयुष्याचं आहे. पण तसं मी आत्ताच तिघांना सांगून पाहिलं होतं. मी म्हटलं, "हो. नवसाचं आहे. हात लागला तर कोपतं."

बाईंनी चपला काढल्या. खरंच काढल्या, चिखलाच्या कडेला, आणि हात जोडले. फांदी वाकवणारा तो तरुण मागे सरकला. दोघींपैकी एकीने दुसरीला मागे ओढलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्या वाफ्याभोवती माणसं लांब उभी होती. दिनूच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला, तो मी ओळखला. तो म्हणाला, ताई, इथे तशी पाटीच लावू या का? माझ्या अंगाचा पुन्हा भडका उडाला. पण अक्का चिखलात बसल्या बसल्या शेवटची गाठ मारत होती, तिने वर न बघता म्हटलं, "लाव. नवस नई तं काय शे हाऊ?"

मी संध्याकाळच्या एसटीने परत आले. साडीची पिशवी रिकामीच होती, ती घडी करून मांडीवर ठेवली होती. माझा राग गेलेला नाही. ज्या गोष्टीपुढे चोरही आपणहून थांबायचे, तिथे आता थांबवायला मला देव उभा करावा लागला, हे मी विसरणार नाही आणि दिनूलाही विसरू देणार नाही. दर रविवारी सुमनबाईला फोन करते. काल म्हणाली, सात-आठ चिंध्या शाबूत शेतस, लोक पुढे नारळ ठेवायला लागलेत. ठेवू देत. होळीनंतर मी जाणार आहे, पिशवी घेऊन. तोवर त्यातलं एक तरी वांगं पिवळं होऊ दे.